डोक्यावरची कमळं

छत हा घराचा असा भाग आहे की ज्याच्याबद्दल आपण बायका पूर्वी फारसं बोलत नव्हतो. भिंतीचा रंग, फरशी, ओट्याची उंची, देव्हारा, पडदे यांवर आपलं मत असायचं आणि ते कुणी विचारलं नाही तरी आपण सांगायचो. छत मात्र गवंड्याचं आणि सेंट्रिंगवाल्याचं. ते गळायला लागलं तरच मान वर करायची. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे बदललं. हुबळीत विद्यानगर-केशवापूरला जा, मध्ये नवनगरात उतरा, की धारवाडच्या सप्तापुरात जा, नव्या घराच्या वास्तुशांतीला घरची बाई आधी हॉलमध्ये उभी करते आणि वर बघायला लावते. "फॉल्स सिलिंग कसं वाटलं, आक्का?"

आपण वर बघतो आणि "छान" म्हणतो. सगळ्याच म्हणतात. पण छान म्हणजे काय? साडी बघताना आपण पदर उलटून बघतो, काठ चाचपतो, रंग जाईल का विचारतो. लाडू खाल्ला तरी बेसन कच्चं राहिलंय का ते सांगतो. मग ज्याच्याखाली जन्म काढायचा, त्या छताचं परीक्षण एका शब्दात कसं उरकतं? या लेखात मी ते जरा रीतसर करणार आहे. टांगलेल्या छताला आपली अशी एक मोठी परंपरा आहे, आणि त्या परंपरेशेजारी आजचं छत ठेवून बघितल्याशिवाय त्याची खरी किंमत कळत नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. खरं छत म्हणजे सिमेंटचा स्लॅब. त्याला भोकं पाडून लोखंडी क्लीट ठोकतात, त्यांतून पत्र्याच्या पट्ट्या लोंबत्या सोडतात, त्या पट्ट्यांना जस्ताचा मुलामा दिलेल्या पन्हळींचा सांगाडा अडकवतात, आणि सांगाड्याला खालून जिप्समचे बोर्ड स्क्रूने आवळतात. बोर्ड साधारण अर्धा इंच जाड. सांध्यावर कागदी पट्टी, तिच्यावर लांबी, मग घासकाम, मग रंग. घासकामाच्या दिवशी घरभर जी पांढरी भुकटी उडते ती ज्यांनी झाडली आहे त्यांना वेगळं सांगायला नको; ती भुकटी आठ-आठ तास नाकातोंडात घेणाऱ्या कारागिराची आठवण मात्र आपण ठेवायला हवी.

दुसरा प्रकार बँकेत, दवाखान्यात दिसतो. पट्ट्यांची चौकट आणि तीत दोन फूट बाय दोन फूट चौकोनी फरश्या नुसत्या ठेवलेल्या. हाताने वर ढकलली की फरशी निघते, आतली वायर दुरुस्त करून पुन्हा ठेवता येते. तिसरा प्रकार आता लोकप्रिय होतोय, त्याला सगळे 'थ्री-डी सिलिंग' म्हणतात. त्यात सपाटपणा नसतो. पातळी वर-खाली होते, पेट्या असतात, लाटा असतात, लाकडी किंवा पत्र्याच्या उभ्या पट्ट्या ओळीने सोडलेल्या असतात, कुठे ढगासारख्या तबकड्या अधांतरी लोंबतात. आपल्याकडच्या घरांत आणि कार्यालयांत या प्रकाराचं सर्वात आवडतं रूप म्हणजे मधोमध एक भलंमोठं कमळ. पाकळ्यांच्या आड दिव्यांची पट्टी, बटण दाबलं की गुलाबी, पुन्हा दाबलं की निळं.

जिप्सम हे खनिज आहे. त्याच्या वजनात पाचवा हिस्सा पाणी असतं, दिसत नाही पण स्फटिकात बांधलेलं असतं. साधारण दीडशे अंशांवर भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी उडतं आणि भुकटी होते, तेच प्लास्टर ऑफ पॅरिस. पॅरिसजवळच्या माँमार्त्रच्या खाणींवरून हे नाव पडलं. भुकटीत पुन्हा पाणी घातलं की ती घट्ट बसते. या बांधलेल्या पाण्याचा एक गुण मोठा आहे: आग लागली तर ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत बोर्ड तग धरतो आणि वरच्या भागापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. पण बाहेरून पाणी लागलं, गच्ची गळली, तर तोच बोर्ड फुगतो, पिवळा पडतो, पोट काढतो. आगीत मदतीला येणारी आणि पावसात मान टाकणारी अशी ही वस्तू आहे. आपल्या धारवाडचा पाऊस आठवा. मलनाडाच्या उंबऱ्यावरचं गाव ते. तिथे गच्ची गळणार नाही असं छातीठोकपणे सांगणारा ठेकेदार मी अजून पाहिला नाही.

आता परंपरेकडे येऊ. टांगलेलं छत आपल्या घरांत जिप्समच्या कितीतरी आधीपासून आहे. चांदवा आठवतो का? काही घरांत चंदोवा म्हणतात, श्वेतांबर बहिणी चंदरवा म्हणतात. चुलीवर, पिण्याच्या पाण्याच्या भांड्यांवर, जेवायच्या जागी, दळण-कांडणाच्या जागी वर कापड ताणून बांधायचं. मुनींच्या आहारासाठी चौका लावला की आजही बांधतात. का? वर कडीपाट किंवा कौलं, त्यांतून माती गळायची, कोळ्याची जाळी पडायची, पाल फिरायची. एखादा जीव उकळत्या आमटीत पडू नये, पाण्यात बुडू नये, म्हणून मध्ये कापड. अन्न शुद्ध राहावं हा त्यात हेतू होताच, पण त्याच्या आधी तो जीव वाचावा हा होता.

या चांदव्याचं परीक्षण करायचं तर मी त्याला भरपूर गुण देईन. साधन साधं: चार कोपऱ्यांना चार नाड्या. काम नेमकं: जिथे जीव पडण्याची भीती तिथेच, सगळ्या घरभर नाही. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे तो सोडता येतो. दशलक्षण पर्वाच्या आधी सोडायचा, बाहेर नेऊन हलक्या हाताने झटकायचा, धुवायचा, पुन्हा बांधायचा. सौंदर्याची हौसही त्यात भागायची. झालर लावायची, मधे खडीकाम करायचं, आरसे लावायचे. बायकांनी केलेलं, बायकांनी धुतलेलं छत ते. देवळात वेदीवर बांधलेला जरीचा चांदवा हे त्याचंच थोरलं भावंड. आणि त्याच्याही वर बघायचं तर तीर्थंकरांच्या डोक्यावरची तीन छत्रं. अष्टप्रातिहार्यांतलं हे छत्रत्रय दांडीशिवाय, खांबाशिवाय वर असतं. डोक्यावर काही टांगलेलं असणं हा आपल्याकडे मानाचा आणि सांभाळाचा भाग आहे.

कापडानंतर दगड. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिली असेल. हुबळीहून दोन तासांचा रस्ता. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ती १२०४ मध्ये बांधली. आत नेमिनाथांची काळ्या पाषाणातली मूर्ती आहे, पण बसदीला नाव मिळालं ते छताच्या कमळावरून. मुखमंडपात उभं राहिलं की बरोबर डोक्यावर ते दगडी कमळ खाली उतरलेलं दिसतं. त्याला बहात्तर पाकळ्या आहेत. बहात्तरच का? भूतकाळाचे चोवीस, वर्तमानाचे चोवीस आणि भविष्याचे चोवीस तीर्थंकर त्यांवर आहेत म्हणून. म्हणजे तिन्ही काळ त्या एका फुलात टांगलेले आहेत, आणि खाली आपण, मधल्या काळात उभ्या.

आता अबूला चला. देलवाड्याची विमल वसही १०३१ ची आणि लूण वसही १२३० ची. लूण वसही वस्तुपाल-तेजपाल या मंत्री बंधूंनी आपल्या गेलेल्या भावाच्या, लूणिगाच्या स्मरणार्थ बांधली. तिच्या रंगमंडपाच्या घुमटातून संगमरवराचं लोलक खाली आलंय. आजच्या भाषेत याहून मोठं 'थ्री-डी सिलिंग' कुठलं? वर्तुळावर वर्तुळ रचत, प्रत्येक वर्तुळ आधीच्यापेक्षा थोडं आत सरकवत घुमट मिटत आणलाय, आणि जिथे तो मिटायचा तिथे अर्धवट उमललेल्या कमळांचा घोस खाली सोडलाय. त्या घुमटात एका वलयात बहात्तर तीर्थंकर बसलेले आहेत, आणि त्याखालच्या वलयात तीनशे साठ मुनींच्या छोट्या आकृती.

लूण वसहीतले मूलनायकही नेमिनाथच. म्हणजे बघा, बेळगाव दिगंबर, अबू श्वेतांबर. एक कानडी मुलखात, एक राजस्थानात. एक काळ्या दगडात, एक पांढऱ्यात. मधे फक्त सव्वीस वर्षं. दोन्हीकडे नेमिनाथ, दोन्हीकडे छतातून लोंबणारं कमळ आणि दोन्हीकडे हिशेब बहात्तरचा. आपल्यात पंथांवरून जेवढे वाद होतात तेवढे त्या काळीही होत असतील, पण वर बघताना दोघांना दिसत होतं ते एकच.

आता इथे एक सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो. जुनं ते खरं, नवं ते 'फॉल्स'. नावातच खोटेपणा आहे, असं म्हणून टाळ्या घेता येतात. मी तो निष्कर्ष काढणार नाही, कारण तो बरोबर नाही. कमल बसदीचं कमळ तरी कुठे भार पेलतं? भार खांब पेलतात, तुळया पेलतात. लूण वसहीचं लोलक काढून घेतलं असतं तरी भाविकांच्या डोक्यावर छत राहिलं असतं. म्हणजे दगडी कमळही गरजेपलीकडचंच आहे, नटवणंच आहे. चांदवा तर सरळसरळ झाकायलाच बांधतात. मग नटवण्याबद्दल आणि झाकण्याबद्दल आजच्या छताला एकट्याला का धारेवर धरायचं?

फरक दुसरीकडे आहे, आणि तो मला तीन प्रश्नांत सापडतो. हे टांगलेलं छत खाली उभ्या असलेल्या माणसाला काय सांगतं? वर काय झाकतं? आणि ते साफ कोण करणार, कसं करणार?

पहिला प्रश्न घ्या. बसदीच्या कमळाची प्रत्येक पाकळी मोजता येते आणि मोजली की अर्थ लागतो. लहान मुलाला उचलून घेऊन मोजायला लावलं तर बहात्तरपर्यंत आकडे आणि तीन चोविशा एकदम शिकवून होतात. आपल्या हॉलमधल्या कमळाला किती पाकळ्या असतात? साचा जेवढ्या देईल तेवढ्या. कधी आठ, कधी बारा, कधी अकरा, कारण बारावीच्या जागी एसी आला. त्या कमळाला घरातल्या कुणाशी काही बोलायचं नाही. ते फक्त येणाऱ्याला सांगतं की या घरात खर्च झालाय. सांगणं म्हणून हेही सांगणंच आहे, पण एकदाच ऐकण्यासारखं.

दुसरा प्रश्न. दगडी कमळाच्या मागे काही लपलेलं नाही. चांदव्याच्या मागे काय आहे ते सोडल्यावर दिसतं. जिप्समच्या बंद छतामागे मात्र फूटभर उंचीची एक अंधारी खोली तयार होते, घराच्या लांबी-रुंदीची, जिला दार नाही. त्या खोलीत वायरी जातात, एसीचे नळ जातात, आणि वरच्या बाथरूमची गळती उतरते. स्लॅबला ओल आली तर पूर्वी आपल्याला त्याच आठवड्यात दिसायची. आता बोर्ड पिवळा पडेपर्यंत कळत नाही, आणि तोवर आत सळईला गंज चढू लागलेला असतो. पंख्याचंही तेच. पंखा वरच्या स्लॅबच्या हुकालाच टांगलेला हवा, बोर्डाला नाही; पण बोर्ड बसल्यावर खालून हे बघणार कसं?

शिवाय ही खोली फुकट मिळत नाही, खालच्या खोलीतून कापून घ्यावी लागते. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची कमीत कमी पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट हवी. आपली बहुतेक घरं दहा फुटांची. एक फूट खाली आलात की संहितेच्या कडेवर उभ्या. थ्री-डीच्या नादात मधल्या पेट्या आणखी खाली आल्या की हात वर करून साडी नेसणाऱ्या उंच सुनेची बोटं कमळाला लागतात.

तिसरा प्रश्न आपला आहे, कारण साफ करणाऱ्या आपणच. दिव्याच्या पट्टीसाठी जी खाच ठेवतात, तिला कोव्ह म्हणतात, ती वरून उघडी असते. तिच्यात धूळ साठते. उजेडाला किडे येतात, त्या खाचेत पडतात आणि दिव्याच्या उबेत वाळून जातात. शिडीवर चढून हात घातला तरी पोचत नाही. आणि मागच्या त्या अंधाऱ्या खोलीत पाली, झुरळं, मुंग्या, कधी उंदीर सुखाने राहायला येतात. एका भोकातून आत गेलेली उंदरीण पिल्लं घालते. रात्री वर खुडबुड सुरू होते, आणि मग घरात कुणीतरी म्हणतं, "फवारणीवाल्याला बोलवा."

इथे मला थांबायचंय. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. चूल पेटवणं, पाणी तापवणं, केर काढणं यात जी हिंसा होते ती आरंभी. गृहस्थाला ती टाळता येत नाही, म्हणून यत्नाने वागायचं, गाळून प्यायचं, बघून झाडायचं. पण ज्या पोकळीची घराला गरज नव्हती, ती केवळ दिखाव्यासाठी आपण तयार केली, जीवांना तिथे घर करून दिलं, आणि मग विष फवारून ते मारले, हे कोणत्या प्रकारात बसवायचं? चुलीसारखं हे अटळ नाही. ते आपण पैसे देऊन करून घेतलेलं आहे. चांदवा जीव वाचवायला टांगला होता. त्याच्या जागी आपण असं छत टांगलंय की जे आधी जिवांना बोलावतं आणि मग मारतं. चातुर्मासात पालेभाजी सोडणाऱ्या, रात्री न जेवणाऱ्या आपण, आणि डोक्यावर हे. टीका करायची तर माझी खरी टीका एवढीच आहे. बाकी रंग, दिवे, पाकळ्या हा आवडीचा भाग.

नव्या छतांत चांगलं काही नाही असं मात्र नाही. दवाखान्यातल्या सुट्या फरश्यांचं छत दिसायला सपक असतं, पण माझ्या तीन प्रश्नांत ते पास होतं. काय झाकलंय ते हाताने उचलून बघता येतं. या फरश्या बहुतेक खनिज तंतूंच्या, सच्छिद्र असतात आणि आवाज पिऊन टाकतात. म्हणून एवढ्या गर्दीतही डॉक्टरांचं बोलणं ऐकू येतं. बंगळूरच्या विमानतळाचं २०२२ मध्ये उद्घाटन झालेलं दुसरं टर्मिनल बघा. तिथे वर बांबूच्या पट्ट्यांची जाळी टांगलीय, खरा बांबू प्रक्रिया करून वापरलेला. ती बंद नाही, पट्ट्यांच्या मधून उजेड झिरपतो आणि वरचं दिसतं. वेलींनी भरलेल्या कुंड्याही टांगल्यात. हेही थ्री-डीच. मंडपाखाली, कामट्यांच्या आडोशाखाली उभं असल्यासारखं वाटतं, आणि लाखो माणसं ये-जा करणाऱ्या जागेला ते शोभतं. म्हणजे दोष टांगण्यात नाही, नव्या तंत्रातही नाही. कशासाठी टांगलं याचं उत्तर नसतं, तिथे दोष येतो.

आणि काही ठिकाणी न टांगणं हेच उत्तर असतं. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात खिद्रापूरला कोपेश्वराचं मंदिर आहे. आपल्यातल्या अनेकजणी तिथल्या आदिनाथ मंदिराच्या निमित्ताने त्या गावी गेल्या असतील. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही. खांबांच्या वर्तुळावर गोल मोकळी जागा आहे आणि तिच्यातून आभाळ दिसतं. त्या गोलाखाली उभं राहिलं की कळतं, वर काय ठेवायचं याइतकंच काय ठेवायचं नाही हेही कलावंताला ठरवावं लागतं. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांतलं साणं, इकडे ज्याला बेळकिंडी म्हणतात, ते याच गोष्टीचं गरीब घरातलं रूप होतं. एवढंसं भोक, पण स्वयंपाकघरात दुपारचा उन्हाचा कवडसा फिरायचा आणि त्यावरून वेळ कळायची.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आता प्रश्न फक्त आपल्या हॉलचा राहिलेला नाही. समाजाच्या वास्तूंकडे तो आलाय. आपल्या भागातल्या एका कार्यालयात दोन वर्षांपूर्वी नवं छत झालं. अख्खं गुळगुळीत, मधे मोठं कमळ, भोवती आठ छोटी. दिसायला झगमगीत, पण आता तिथे लग्नात बोलता येत नाही. गुळगुळीत कडक छतावर आवाज आपटतो आणि परत येतो. वाजंत्री, माइक, पंगतीतली भांडी, सगळ्याचा एक गोंगाट होतो. शेजारी बसलेली विहीण काय म्हणाली ते कळत नाही, आपण हसून मान हलवतो. नेमिकुमार लग्नाच्या वाटेवरून परत फिरले ते कोंडलेल्या पशूंचा आक्रोश कानी पडला म्हणून. मला तिथे बसल्या बसल्या वाटलं, या छताखाली वऱ्हाड असतं तर त्यांना काही ऐकूच आलं नसतं.

आता तसलंच छत एका जुन्या बसदीच्या सभामंडपात करायचं चाललंय. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तिथे वर सागवानी तुळया आणि कडीपाट आहे. काळवंडलाय, एक-दोन फळ्या वाळवीने खाल्ल्यात. समितीचा बेत असा की फळ्या तशाच ठेवायच्या आणि खालून जिप्समचं छत मारून घ्यायचं, मधे देलवाड्याच्या धर्तीवर कमळ. दाते तयार आहेत. चित्रही झालंय. मी चित्र पाहिलं, सुबक आहे. पण वाळवीवर झाकण घातल्याने वाळवी जात नाही, ती निवांत खाते. लाकडाला वारा लागायचा बंद झाला की ओल धरते. पाच-सात वर्षांनी एखादी तुळई दगा देईल तेव्हाच खालच्यांना कळेल, आणि तेव्हा मंडपात कोण बसलेलं असेल ते सांगता येत नाही. बहुधा बायकाच असतील; दुपारच्या स्वाध्यायाला आपल्याशिवाय असतं कोण?

शिवाय देलवाड्याची नक्कल कशाला? ज्यांच्या जिल्ह्याशेजारी बेळगावचं कमळ आहे, त्यांनी अबूचं कमळ प्लास्टरमध्ये ओतायचं? त्या सागवानी कडीपाटाचं स्वतःचं एक बोलणं आहे. तुळयांमधली अंतरं सारखी आहेत, फळ्यांवर रंध्याच्या खुणा आहेत, एका तुळईवर कोरलेली वेल आहे. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा सुताराने ती वर तोंड करून, मान दुखेपर्यंत कोरली असणार. ती वेल झाकून खाली साच्यातलं कमळ लावणं म्हणजे आजीची पैठणी कपाटात घालून तिच्या फोटोची छापील साडी नेसण्यासारखं आहे.

मग काय करायचं ते सांगितल्याशिवाय टीका पुरी होत नाही. खराब फळ्या बदलून घ्याव्यात. धारवाड भागात लाकडाचं काम जाणणारे सुतार अजून आहेत. तुळयांची परीक्षा एखाद्या जाणकार अभियंत्याकडून करून घ्यावी. लाकूड साफ करून तेल द्यावं आणि उघडं ठेवावं. दिवे तुळयांच्या बाजूंना, दिसतील असे लावावेत. वेदीवर माती गळते हा समितीचा मुद्दा खरा आहे, त्यावर आपल्याकडे उपाय आधीच आहे: चांदवा. चांगल्या जाड सुती कापडाचा, सोडता-बांधता येणारा. तो शिवून द्यायला महिला मंडळ तयार होईल, मी विचारून ठेवलंय. त्यावर कमळच हवं असेल तर आपण भरू. बहात्तर पाकळ्यांचं. एकेका घरी एकेक पाकळी भरायला दिली तरी बहात्तर घरं होतात, आणि हुबळी-धारवाड मिळून तेवढी घरं आपली आहेतच.

आणि घरी नवं छत करत असाल, तर करू नका असं मी म्हणणार नाही. स्लॅब तापतो, वायरी दिसतात, मुलांची हौस असते, हे मला कळतं. फक्त कारागिराला चार गोष्टी आधी सांगा. स्वयंपाकघरात बंद छत नको. इतर खोल्यांत प्रत्येकी निदान एक झडप ठेव, उघडून आत बघता येईल अशी. कडेच्या सगळ्या फटी नीट बुजव, म्हणजे जीव आत जाणार नाहीत आणि नंतर मारावे लागणार नाहीत. आणि दिव्याची खाच माझ्या हाताला येईल एवढीच खोल ठेव. हे त्याला पुरुषांनी सांगायची वाट बघू नका. शिडीवर चढणारी जी आहे तिनेच सांगावं. बसदीच्या समितीची पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. तिथेही आपल्यापैकी निदान दहाजणींनी जायला हवं, आणि तुळईवरची ती वेल बैठकीआधी एकदा नीट बघून यायला हवं.